बोलावण्याच्या वाटेवरची नववी

लग्नकार्यात मला ओळखणारी एखादी बाई पंगतीत शेजारी येऊन बसली की वरणभात संपायच्या आत विषय निघतोच. आमच्या नातवाच्या काही लक्षात राहत नाही हो, तुम्ही त्यातल्याच, काहीतरी सांगा. मला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी देवासच्या मराठी मंडळींत माझी ओळख लक्षात राहण्याचं औषध देणारी बाई अशीच आहे. बदाम किती भिजवायचे, ब्राह्मीचं तेल सकाळी लावायचं की संध्याकाळी, हे मला विचारलं जातं. मी सांगते, बदाम चांगलेच, परवडत असतील तर जरूर द्या. पण मी जे काम केलं त्यात बदाम नव्हते. मग ती बाई थोडी निराश होऊन जिलबीकडे वळते.

या अंकासाठी नोकरीतल्या आठवणी लिहाल का, अशी विचारणा झाली तेव्हा वाटलं, पंगतीत जे सांगून होत नाही ते एकदा सावकाश लिहून टाकावं.

मी मूळची धारची. वडील एका जुन्या सरदार घराण्याकडे आचारी होते. त्या घरची माणसं जुन्या वळणाचं मराठी बोलत, ते आम्ही स्वयंपाकघराच्या मागच्या खोल्यांत राहून उचललं. शाळा हिंदी, गल्लीत माळवी. आमच्या घरातून माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलं नव्हतं. मालकीणबाईंनी आपल्या मुलींची जुनी पुस्तकं दिली, शाळेतल्या मास्तरांनी घरी येऊन वडिलांना समजावलं, म्हणून मी बी.ए., बी.एड. झाले. हे माझ्या एकटीच्या हुशारीने झालं असं मला कधीच वाटलं नाही, कारण माझ्याच बाकावर बसणारी कुसुम माझ्याइतकीच हुशार होती. सातवीत असताना तिला मामीच्या बाळंतपणासाठी तात्पुरतं बडवानीला पाठवलं. काही महिने बाकावरची तिची जागा रिकामी राहिली, मग तिथे दुसरी मुलगी बसायला लागली. 'तात्पुरतं' या शब्दाची मला तेव्हापासून धास्ती आहे.

लग्नानंतर देवासला आले. नवरा कारखान्यात, आणि आम्ही राहत होतो ती कॉलनीही कारखान्यांत कामाला आलेल्या महाराष्ट्रातल्या कुटुंबांची. कोणी खानदेशातलं, कोणी विदर्भातलं, कोणी नगरकडचं. मला जवळच्याच एका हिंदी माध्यमाच्या शाळेत नोकरी मिळाली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शाळेने मला इंदूरला उन्हाळी प्रशिक्षणाला पाठवलं. खरं तर दुसऱ्या बाई जाणार होत्या, त्यांच्याकडे लग्न निघालं, म्हणून मी गेले. तिथे मला पहिल्यांदा कळलं की ज्या मुलांना आपण आळशी, मंद, मस्तीखोर म्हणतो त्यांतली काही मुलं यांपैकी काहीच नसतात. त्यांची समज चांगली असते, डोळे-कान चांगले असतात, आणि तरी अक्षरं किंवा आकडे त्यांच्या हाती लागत नाहीत. याला अध्ययन अक्षमता म्हणतात. हा रोग नाही, म्हणून याला औषध नाही. वाट मात्र असते, आणि ती प्रत्येक मुलासाठी वेगळी शोधावी लागते.

पालकांना समजावताना मी स्वयंपाकघराचं उदाहरण द्यायची. घरात माळा असतो आणि ओटा असतो. माळ्यावर वर्षाचं सामान राहतं. ओट्यावर आता जे करायचं तेवढंच. या मुलांचा माळा बहुधा लहान नसतो, ओटा लहान असतो. तुम्ही एका दमात म्हणता, पुस्तक काढ, बत्तीसावं पान उघड, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिही. पुस्तक निघतं, पान उघडतं, आणि तिसरा प्रश्न ओट्यावरून खाली पडलेला असतो. मूल इकडेतिकडे बघतं, आपण म्हणतो लक्ष नाही. तेव्हा एका वेळी एकच गोष्ट द्या. आणि माळ्यावर ठेवलेलं पुन्हा सापडावं असं वाटत असेल तर ते कुठेतरी फेकू नका, ठरलेल्या जागी ठेवा आणि अधूनमधून काढून बघा. माझी सगळी विद्या म्हणाल तर एवढीच.

आमच्या कॉलनीतल्या आयांची एक वेगळीच शंका असायची. घरात मराठी, शाळेत हिंदी, त्यामुळे पोराचा गोंधळ होतो, तर घरातलं मराठी बंद करू का? मी उलट सांगायची. शाळेत हिंदीत जे शिकला ते संध्याकाळी आईला मराठीत सांगायला लावा. पाठ केलेलं वाक्य दुसऱ्या भाषेत सांगता येत नाही, समजलेलं सांगता येतं. आयांना हे पटायचं, कारण यात त्यांना शिकलेलं असण्याची गरज नव्हती. भाजी निवडता निवडता 'मग पुढे काय झालं' एवढंच विचारायचं होतं.

शाळेने मला जिन्याखालची एक खोली दिली. शेवटच्या तासाला मी तिथे अशा मुलांना घेऊन बसायची. हळूहळू बाहेरगावची माणसंही येऊ लागली. सोनकच्छचे एक धान्याचे व्यापारी मुलाला घेऊन बसने आले होते. मी मुलाशी बोलत होते तोवर गृहस्थ चुळबुळ करत राहिले, आणि शेवटी म्हणाले, "भेनजी, गेहूं तो हम मुट्ठी में लेके भाव बोल देते हैं. आप भी छोरे को देख के बोल दो, चलेगा के नी चलेगा." मी म्हटलं, वर्षभर आठवड्यातून दोनदा आणाल तर नक्की फरक पडेल, पण मी भाव बोलणार नाही. ते हसले, दोन किलो शरबती गहू टेबलावर ठेवून गेले, आणि पुन्हा आले नाहीत. तो मुलगा प्रश्न ऐकला की उत्तराआधी डोळे मिटायचा. माझ्या ध्यानात आलं होतं की तो चित्र बघून उत्तर देतो. मला त्याच्याबरोबर काम करायचं होतं. आजही सोनकच्छवरून बस जाते तेव्हा मी खिडकीतून मंडीच्या बाजूला बघते.

पण जिच्यासाठी मी हे लिहायला बसले ती मीनल. आमच्याच कॉलनीतल्या सपकाळांची मुलगी. सपकाळ फिटर होते, मूळचे पाचोऱ्याकडचे. त्यांच्या हत्यारांच्या पेटीत प्रत्येक पान्याला स्वतःचा खण होता, आणि मुलीच्या डोक्यात असे खण का नाहीत हे त्यांना खरोखरच कळत नव्हतं. मला एकदा म्हणाले, "बाई, मशीन असती तर खोलून पाहिली असती."

मीनल नववीत दोनदा राहिली. वाचताना बोट ठेवूनही ओळ सुटायची, आणि पाठ केलेलं दुसऱ्या दिवशी जायचं. शाळेचा नियम होता की एकाच वर्गात तिसऱ्यांदा राहिलेल्या मुलाला शाळा ठेवत नाही. आणि सपकाळांनी तर पुढचंही ठरवलं होतं. त्यांची बहीण धारला होती. तिचे गुडघे गेले होते, घरात दोन लहान मुलं. या वेळी मीनल राहिली तर तिला धारला आत्याकडे पाठवायचं, तात्पुरतं. तिची आई हे सांगत होती तेव्हा मीनल दाराआड उभी होती. तिने मला नंतर एकटीला गाठून विचारलं, "बाई, धारला शाळा असते ना?" असते, म्हटलं. मी तिथेच शिकले. पण आपण कोणाकडे, कशासाठी जातोय हे तिला समजलेलं होतं. शाळा असते हे ऐकून तिचा चेहरा काही उजळला नाही.

मी प्रशिक्षणात शिकलेली एक जुनी युक्ती तिच्यावर करून बघायची ठरवली. आपल्या पायाखालची एखादी वाट मनात घ्यायची, आणि लक्षात ठेवायच्या गोष्टी त्या वाटेवरच्या ठिकाणी एकेक ठेवत जायच्या. आठवायचं असेल तेव्हा मनातल्या मनात त्या वाटेने चालायचं. पायाखालची वाट माणूस सहसा विसरत नाही. देवासच्या मुलीसाठी मला साहजिकच देवीची टेकडी सुचली. आमच्यापैकी नवरात्रात टेकडी चढलं नाही असं कोण असतं? मी उत्साहाने पायरीपायरीवर मातीचे प्रकार मांडले. चार दिवसांनी विचारलं तर मीनलच्या वाटेवर काहीच नव्हतं.

"टेकडीवर काय काय दिसतं सांग बरं."

"पाठ," ती म्हणाली. "नवरात्रात जातो ना आम्ही. पुढच्या माणसाची पाठ दिसते."

वाट माझी होती, तिची नव्हती. ती वाट सापडली चैत्रात. ती दुसऱ्यांदा राहिल्याचा निकाल नुकताच लागला होता, आणि सपकाळ वहिनींकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. आमच्या कॉलनीत हळदीकुंकवाचं बोलावणं घरातली मुलगी करते. हातात कुंकवाचा करंडा घेऊन दारोदार जायचं, बाईला कुंकू लावायचं, आणि 'आईने हळदीकुंकवाला बोलावलंय' असं सांगायचं. फोन घरोघरी आल्यावरही ही रीत आम्ही सोडली नाही. महाराष्ट्र सोडून लांब आल्यामुळे असेल, अशा रीती आम्ही जास्तच घट्ट धरल्या.

मीनल माझ्याकडे आली ती शेवटच्या घराला. मी सहज विचारलं, कोण कोण येणार आहे? आणि तिने कॉलनीच्या पहिल्या गल्लीपासून सुरुवात केली. जोशीकाकू येणार, पण आंबाडाळीत मिरची कमी घाला म्हणाल्या. पवारवहिनींनी कुत्र्याला हाकलत हाकलतच कुंकू लावून घेतलं. पुढच्या घरी सून भांडी घासत होती, सासू म्हणाली, मी येईन, हिला वेळ नाही. घरामागून घर, बाईमागून बाई, कोणाच्या दारात कसली रांगोळी, कोण कोणत्या शब्दांत काय म्हणालं. एकही घर मागेपुढे झालं नाही. ज्या मुलीला मातीचे प्रकार सांगता येत नव्हते ती अख्खी कॉलनी सांगत होती. मला लावायला तिने बोटावर घेतलेलं कुंकू तसंच राहिलं.

जुलैत शाळा सुरू झाली आणि आम्ही नववीचं पुस्तक कॉलनीत मांडायला लागलो. कुठे काय ठेवायचं ते तीच ठरवायची, मी फक्त विचारायची की इथेच का. काळी माती कोणाकडे? केसांना कलप लावणाऱ्या काकूंकडे. लाल माती? ज्यांच्या दारात कुंड्या आहेत ना बाई, त्यांच्याकडे. नागरिकशास्त्रातले मूलभूत हक्क तिने फारच झटकन बसवले. समानतेचा हक्क जोशीकाकूंकडे, कारण त्या कोणाच्याही पोराला लाडू देताना आपल्या आणि परक्याच्या पोरात फरक करत नाहीत. स्वातंत्र्याचा हक्क पवारांकडे, त्यांचा कुत्रा मोकळा हिंडतो म्हणून. शोषणाविरुद्धचा हक्क कुठे ठेवला हे वाचकांच्या लक्षात आलंच असेल. मी म्हटलं, अगं त्या सासूबाईंनी ऐकलं तर? ती म्हणाली, "बाई, तो दुसरीकडे बसतच नाही."

रोज संध्याकाळी तिची आई पोळ्या करताना तिला या वाटेने फिरवून आणायची, तेही मराठीत. आज कोणाकोणाकडे जाऊन आलीस? काय म्हणाल्या? आणि मीनल तव्याजवळ बसून सांगायची. वहिनी स्वतः चौथीपर्यंत शिकलेल्या. एकदा मला म्हणाल्या की मूलभूत हक्क आता त्यांनाही येतात, आणि त्या सुनेला बघितलं की कसंसंच होतं.

प्राचार्यांकडे मी तिला जास्त वेळ मागितला. ते नियमाचे पक्के गृहस्थ. मला वाटलं नकारच येईल. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "मैडम, नियम में ये कहीं नहीं लिखा कि ज्यादा समय मत दो. आधा घंटा दिया. पर लिखेगी वही." मुलगी वाचण्यात अडते म्हणून सुरुवातीला एकदा सगळे प्रश्न तिला वाचून दाखवायलाही त्यांनी परवानगी दिली. पुढे मी बऱ्याच कार्यालयांत अशा मुलांसाठी सवलती मागत फिरले, दाखल्यांसाठी रांगांत उभी राहिले. त्या नियमाच्या माणसाने जितक्या पटकन हो म्हटलं तितक्या पटकन नंतर कोणी म्हटलं नाही.

सहामाही आली. मला खात्री होती, थोडी घमेंडही. समाजविज्ञानाचा पेपर झाला आणि मीनलची उत्तरपत्रिका जवळजवळ कोरी निघाली. पहिला प्रश्न मूलभूत हक्कांचा. 'समानता का अधिकार' एवढं स्वच्छ अक्षरांत लिहिलेलं, आणि पुढे काही नाही. मातीचे प्रकार तिला येत होते, नद्या येत होत्या, ते प्रश्न पुढे होते. तिथवर ती गेलीच नव्हती.

सपकाळांना निकाल कळला. ते रागावले नाहीत, तेच वाईट होतं. म्हणाले, "तुम्ही लई केलं बाई तिच्यासाठी. आता मार्चपर्यंत बसू द्या तिला शाळेत, मग बघू." त्याचा अर्थ मला आणि मीनललाही समजला.

मी मीनलला जिन्याखालच्या खोलीत घेऊन बसले आणि विचारलं, काय झालं? ती म्हणाली की पवारांचा कुत्रा दिवाळीनंतर दूधवाल्याला चावला, तेव्हापासून तो बांधलेला असतो. ती मनाने पवारांच्या दारात गेली, तर कुत्रा साखळीला. तिथे काय ठेवलं होतं ते काही केल्या आठवेना.

"मग पुढच्या घरी जायचं."

"पवारवहिनींना टाकून?"

आमच्यात बोलावण्यातून घर राहणं म्हणजे काय हे मला माहीत होतं. मागे एकदा चुकून एक घर राहिलं होतं, तर त्या बाई वर्षभर सपकाळ वहिनींशी बोलल्या नव्हत्या. तेव्हा मीनलला आईचा मार बसला होता. ती वाट तिला इतकी पक्की होती याचं कारणही तेच होतं. घर टाकायचं नाही. आणि म्हणून सबंध पेपरभर, वरचा अर्धा तास धरून, ती पवारांच्या दारात उभी राहिली होती.

ही अडचण मला कुठल्या प्रशिक्षणात कोणी सांगितली नव्हती. मी तिला पुष्कळ समजावलं की हे खरं बोलावणं नाही, मनातलं आहे, यात कोणी रागावत नाही. ती मान डोलवायची. पण प्रश्न विचारले की पुन्हा एखाद्या दारात थबकायची आणि माझ्याकडे बघत राहायची.

जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. मीनल बोलावणं करायला निघाली होती, मला बाजारात जायचं होतं, म्हणून आम्ही थोड्या अंतरापर्यंत बरोबर चाललो. वाटेतल्या एका दाराला कुलूप होतं. मी बोलत होते, तिने बोलण्यात खंड पडू न देता करंड्यात बोट बुडवलं, दाराच्या कडीला कुंकवाचा ठिपका लावला आणि पुढच्या घराची कडी वाजवली. मी तिथेच थांबले.

"मीनल, हे काय केलंस?"

"कुठे काय? कुलूप होतं ना. कडीला कुंकू लावलं की त्यांना कळतं आपण येऊन गेलो. परतताना बघायचं, आल्या असतील तर सांगायचं."

"आणि नसल्या आल्या तर?"

"तर काय बाई. आपण बोलावलं होतं ना."

मी बाजारात गेले नाही. तिचं बोलावणं संपेपर्यंत तिच्याबरोबर फिरले आणि परतताना ते दार पुन्हा बघितलं. बाई आल्या होत्या. त्यांनी कडीवरचा ठिपका बघून आपण होऊन विचारलं, काय गं, कधी आहे हळदीकुंकू? तेव्हा मी मीनलला म्हटलं की पेपरातही असंच करायचं. आठवत नसेल तर त्या घराला कुलूप आहे. प्रश्नपत्रिकेवर त्या प्रश्नापाशी पेन्सिलीचा ठिपका द्यायचा आणि पुढे व्हायचं. सगळी घरं झाली की परतताना बघायचं.

ती हसली. आम्ही तिच्या मनातली कॉलनी बांधली तेव्हा सगळ्या बायकांना घरात बसवून ठेवलं होतं. कुलूप लावायचं राहून गेलं होतं.

जानेवारीपासून मार्चपर्यंत आम्ही नवीन काही शिकलो नाही. फक्त कुलपांचा सराव केला. तिची आई पोळ्या लाटताना मधेच म्हणायची, पवारांकडे कुलूप आहे, आणि मीनल न अडखळता तिसऱ्या घरी जायची. मग आई कुठल्याही घरापासून सुरुवात करायला लावायची, उलट्या बाजूने फिरवायची. स्वातंत्र्याच्या हक्काचं घरही बदललं. तो आता त्या घरी गेला जिथली आजी सकाळी पिंजऱ्याचं दार उघडून पोपटाला खांद्यावर घ्यायची.

वार्षिक परीक्षेत मी दुसऱ्या वर्गावर होते. मला काही दिसत नव्हतं, आणि दिसलं असतं तरी काही करता आलं नसतं. पेपर झाल्यावर तिच्या वर्गावरचे शिक्षक मला ओसरीत भेटले. म्हणाले, "मैडम, आपकी वो लड़की परचे पे बिंदियां क्यों लगाती है? हमने सोचा कोई इशारा है. पूरा परचा उलट-पलट के देख लिया." मी विचारलं, लिहीत होती का? ते म्हणाले, "लिखती तो रही. घंटी बजने पे भी कलम नी छोड़ रही थी."

मीनल नववी पास झाली. समाजविज्ञान आणि विज्ञान स्वतःच्या मार्कांवर, गणितात कृपांक, म्हणजे ग्रेसचे मार्क मिळाले. फार मोठं यश नव्हे. कॉलनीत त्याच दिवशी कोणाचा तरी मुलगा वर्गात पहिला आला होता, पेढे त्यांच्याकडचे वाटले गेले.

संध्याकाळी सपकाळ माझ्याकडे आले. मीनल आणि तिची आई मागे उभ्या. बराच वेळ ते पंख्याच्या आवाजाबद्दल बोलत होते, बेअरिंग गेलंय, मी बदलून देतो. मग म्हणाले की बहिणीचं पत्र आलंय, ती वाट बघतेय. बोलण्यासारखं सगळं मी आधीच बोलून बसले होते. त्यांनी टेबलावर पडलेलं दहावीचं समाजविज्ञानाचं पुस्तक उचललं, हातात तोललं, पानं सरसर फिरवली. नववीच्यापेक्षा जाड होतं.

"बाई, याला आपली कॉलनी पुरेल का?"

मला हो म्हणता आलं नाही, कारण ते खरं नव्हतं. एका घरात किती गोष्टी ठेवायच्या याला मर्यादा असते. नाहीतर जुनं आणि नवं एकमेकांत मिसळतं. मी तसं सांगणार, तेवढ्यात मीनलच मागून म्हणाली, "आत्याची गल्ली आहे ना. सुट्टीत आत्याकडे जाते. ती गल्ली घेऊन येते."

सपकाळ तिच्याकडे बघत राहिले. मशीन न खोलता आतलं दिसल्यासारखे. मग म्हणाले, ठीक आहे, सुट्टीभर जा. आत्यालाही मदत होईल. जुलैत परत.

ती मेमध्ये गेली. आता मी धारची मुलगी. 'सुट्टीभर' हा शब्द 'तात्पुरतं'च्या किती जवळचा आहे हे मला माहीत होतं. मध्ये एकदा वहिनींनी सांगितलं की नणंदेचे गुडघे वाढलेत. नंतर एकदा म्हणाल्या, मीनलचा तिथे जीव रमलाय म्हणे, असं नणंद म्हणते. जुलै उजाडला, शाळा उघडली. दहावीच्या हजेरीत तिचं नाव पुकारलं गेलं आणि उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी सपकाळांच्या दारावरून जायची, पण विचारायचा धीर होईना. मग एके दिवशी वहिनी स्वतःच सांगत आल्या की सपकाळ सुट्टी टाकून पहाटेच्या बसने धारला गेलेत. बहिणीने अजून महिनाभर ठेव म्हटलं होतं.

पुढचं सगळं सोपं गेलं असं नाही. दहावीत तिला गणितासाठी पुन्हा बसावं लागलं. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांमध्ये तिच्यापेक्षा जास्त शिकलेली मुलं आहेत, आणि काहीच न शिकता आलेलीही आहेत. पण माझ्या नोकरीतला कुठला दिवस सांगा म्हटलं तर मी सपकाळ धारला गेले त्यानंतरचा दिवस सांगते. शाळा सुटल्यावर मी जिन्याखालच्या खोलीत बसले होते. मीनल आत आली, उन्हाने रापलेली, दहावीचं पुस्तक छातीशी धरून. धारची गल्ली लांब आहे, ती सांगायला लागली. आत्याने नको म्हटलं तरी वडिलांनी बॅग उचलली, हेही मधेच सांगून झालं. गल्लीत एक शिंपी आहे, एक बांगड्यांचं दुकान, एका घरात फक्त म्हातारे. सगळं नीट बघून आले बाई. एकच अडचण आहे.

"काय?"

"समोरासमोर दोन घरं आहेत. त्या बायका एकमेकींशी बोलत नाहीत. एकीकडे गेलं की दुसरी दार लावून घेते. तिथे काय ठेवायचं?"

मी तिच्या हातातून पुस्तक घेतलं, अनुक्रमणिका उघडली आणि तिच्यापुढे धरली. ती बोट ठेवून एकेक धडा वाचत खाली आली. सावकाश, अडखळत. मी थांबले.

"महायुद्ध," ती म्हणाली.